हुइशिनचं मुकं पाणी

तिसऱ्या विसाव्यापाशी आलो तेव्हा चहावाल्या म्हातारीनं हुइशिनकडे पाहिलं, तिनं छातीशी धरलेल्या मडक्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "आज हिची वाचा बसली वाटतं?"

"पाणी आहे हातात," मी म्हटलं.

"ते दिसतंय. कुठपासून गप्प आहे?"

"झऱ्यापासून."

"म्हणजे तास होऊन गेला. औषधराजाची कृपा. आज डोंगराला जरा विसावा."

हुइशिननं डोळे वटारले. हसूही आलं होतं तिला, पण ओठ दाबून धरले. हसायला हरकत नसते, आवाज निघता कामा नये.

"तिला विचार, आलूबुखार नेणार का. झाडाखाली सडा पडलाय."

"मान हलवतेय. नेणार म्हणते."

"नेणारच. फुकटचं आहे ना," म्हातारी म्हणाली आणि दोन ओंजळी माझ्या पाठीवरच्या टोपलीत टाकल्या.

मुकं पाणी आणायची आमच्याकडे रीत ठरलेली आहे. वरच्या देवळामागच्या झऱ्यातून पहाटे पाणी भरायचं, मडक्याच्या तोंडाला कमळाचं पान बांधायचं आणि घरी पोचेपर्यंत बोलायचं नाही, मागं वळायचं नाही, मडकं कुठं टेकवायचं नाही. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. सोबतिणीनं पुढं चालायचं आणि वाटेत भेटेल त्याला उत्तरं द्यायची. पाणीवालीशी थेट कुणी बोलत नाही. तिच्याबद्दल मात्र तिच्यासमोर वाटेल ते बोलतात.

ही सोबतीण मी. चाळीस वर्षं मीच. पाणी मी एकदाही उचललेलं नाही.

मला हुइशिनचा हेवा वाटायचा, हे इथंच सांगून टाकते. मागाहून सांगितलं तर वाटेल की लपवत होते. त्या सकाळी तर तो इतका दाटला होता की पायऱ्या उतरताना गुडघ्यांचं दुखणंसुद्धा जाणवत नव्हतं. कारण तो औषधराजाचा, आमच्या वैद्यांच्या देवाचा, दिवस होता, चौथ्या महिन्याची अठ्ठावीस. खाली दवाखान्यात आमची शिष्या यूनिंग अंघोळ करून, नवा सदरा घालून बसली होती. हुइशिन त्या दिवशी आपली वाटी यूनिंगला देणार होती. वाटी म्हणजे भांडं नव्हे, ते तर कुठल्याही बाजारात मिळतं. वाटी म्हणजे विद्या. ती एकानं एकालाच द्यायची असते.

आणि ती एक मी नव्हते. दुसऱ्यांदा नव्हते.

*

आम्ही दोघी ज्यांच्याकडे शिकलो त्या न्ये गुरुजींच्या घरात मोठं-धाकटं वयावर ठरत नसे. शिष्य व्हायला गुरूच्या उंबऱ्यावर तीनदा डोकं टेकतात, ते कुणी आधी टेकलं, त्यावर ठरे. हुइशिननं माझ्या आधी अकरा दिवस टेकलं. ती सतरा वर्षांची होती, मी तेवीस. पहिल्याच दिवशी गुरुमाई म्हणाल्या, "पेईरोंग, ही तुझी ताई." तेव्हा ती ताई विहिरीच्या काठावर पाय हलवत सूर्यफुलाच्या बिया फोडत बसली होती. मला म्हणाली, "ये धाकटे, बस."

तिचे वडील सुतार. गावात सुतार म्हणायचे, पण करायचे फक्त शवपेट्या. घरात आई नव्हती, शाळा नव्हती. हुइशिनला एकच अक्षर लिहिता यायचं, दीर्घायुष्याचं, जे पेटीच्या तोंडावर कोरतात. ते मात्र ती डोळे मिटून काढायची. गुरुजींना द्यायला तिनं धुरावलेल्या सोयापनीरच्या वड्यांची माळ आणली होती. वाटेत भूक लागली म्हणून निम्म्या खाल्ल्या आणि उरलेली माळ गुरुजींपुढं ठेवून म्हणाली, "बाकीच्या चांगल्या होत्या, त्यावरून सांगते, याही चांगल्या असतील." गुरुजी खूप हसले. गुरुमाई ही गोष्ट येईल त्याला सांगायच्या.

अकरा दिवसांनी मी दोन धडधाकट कोंबड्या घेऊन गेले. कुणी हसलं नाही. गुरुजी म्हणाले, "बांधून ठेव तिकडे."

सुया टोचून दुखणं बरं करायचं शिक्षण आधी कागदावर. पन्नास कागदांची घडी दोऱ्यानं बांधायची आणि सुई बोटांत फिरवत आरपार न्यायची. मग कापसाच्या गोळ्यावर. मग बादलीत तरंगणाऱ्या काकडीवर. सुई आत जावी, पण काकडी बुडता कामा नये, नुसती डोललीही नाही पाहिजे. मला ते चौथ्या महिन्यात जमलं. हुइशिनची काकडी गरगर फिरायची, पालथी पडायची. मग ती काकडी उचलून म्हणायची, "गुरुजी, ही गेली. हिला आता मिरचीत घालून खाल्लेलं बरं." आणि खायची. शेवटी स्वतःच्या गुडघ्याखाली टोचायचं. मी सुई लावली आणि पाय पोटरीपर्यंत झिणझिणला, जसा झिणझिणायला हवा तसाच. तिनं लावली आणि सुई वाकली.

"पेईरोंग, तुझा हात चांगला आहे," गुरुजी म्हणाले. चार वर्षांत एकदाच म्हणाले. मला तो वार आठवतो, हवा आठवते.

गुरुजी नुसते सुईवाले नव्हते. ते वरच्या देवळाच्या परंपरेतले होते. दिवसा सुया, आणि मूल भेदरलं असेल, झोपेत किंचाळत असेल, दूध टाकत असेल, तर वाटी. आमच्याकडे म्हणतात की भेदरलेल्या मुलाचा जीव अंगाबाहेर जाऊन उभा राहतो, त्याला आत यायची वाट सापडत नाही. डाव्या हाताच्या तीन बोटांवर मुक्या पाण्याची वाटी तोलायची. उजव्या हाताची दोन बोटं जोडून पाण्यावर खूण काढायची. तेवीस रेघा, एका श्वासात. श्वास मध्ये तुटला तर ते नुसतं पाणी. ओठ हलतात, पण शब्द बाहेर येत नाहीत. ज्याच्याकडून विद्या घेतली त्याचं नाव आधी घ्यायचं, मग खूण. मग मुलाला तीन घोट, टाळूवर तीन थेंब, आणि आईनं मुलाचा सदरा हातात धरून दारातून त्याला नावानं हाक मारायची.

मी सुईत पुढं होते. अक्षर माझं सुंदर, आणि ती खूण म्हणजे शेवटी अक्षरांचीच गुंफण. देवापुढं रोज उदबत्ती लावणारी मी, हुइशिन उदबत्तीवर पाखरू बसलं तर खिदळणारी. मला वाटायचं, यात विचार करण्यासारखं आहेच काय?

चौथ्या वर्षी औषधराजाच्या दिवशी गुरुजींनी हुइशिनला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. मी अंगणात ज्येष्ठमध चिरत होते. दार उघडलं तेव्हा ती बाहेर आली, नाक लाल झालेलं. म्हणाली, "धाकटे, भूक लागलीय गं. खायला काय आहे?"

माझ्यापुढच्या ज्येष्ठमधाच्या चकत्या व्हायच्या होत्या. त्याचा भुगा झाला होता.

आठवडाभर मी कुणाशी नीट बोलले नाही. मग एकदा गुरुमाई आणि मी घेवड्याच्या शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा त्या मान वर न करता म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात तुझी सरकारी परीक्षा आहे ना? पास होशील. तुला कागद मिळेल. जिल्ह्याचं इस्पितळसुद्धा घेईल तुला. तिला कोण कागद देणार? तिला नाव वाचता येत नाही स्वतःचं. काहीतरी हाती नको का पोरीच्या?"

त्यांना वाटलं असणार, यानं माझं समाधान होईल. माझं उलटंच झालं. म्हणजे मी चांगली होते म्हणून मला मिळालं नाही. मी काकड्या बुडवल्या असत्या तर वाटी माझी होती.

*

परीक्षेत मी जिल्ह्यात तिसरी आले. इस्पितळानं बोलावलं. मी गेले नाही. लोक म्हणाले, काय ही गुरुभक्ती. खरं असं होतं की मी गेले असते तर हुइशिन आणि वाटी दोघीच राहिल्या असत्या आणि तिथं काय चालतं ते मला दिसलं नसतं.

गुरुजी गेल्यावर दवाखाना माझ्या नावानं झाला. पाटीवर माझं नाव, भिंतीवर माझा कागद, आणि हुइशिन सरकारी वहीत 'मदतनीस'. पण लोक पाटी वाचत नाहीत. कंबर धरली, मान आखडली, तोंड वाकडं झालं की माझ्याकडे यायचे, कण्हत यायचे, कण्हत टोचून घ्यायचे आणि बरे झाले की परत तोंड दाखवायचे नाहीत. तिच्याकडे यायची मुलं. बरी झाली तरी यायची. खारका आणायची, बेडूक आणून दाखवायची. तिला 'वाटीआजी' म्हणायची, तेही ती पस्तिशीत असल्यापासून. मी मध्येच पडदा बाजूला करून डोकावले की एखादं पोर आईच्या मागं लपायचं. 'सुईवाली आली.'

"अगं, ती चांगली आहे," हुइशिन त्यांना सांगायची. "तिची सुई लागतच नाही. माझी लागायची. माझ्या सुईला काकड्यासुद्धा घाबरायच्या."

ती माझी बाजू घेऊन बोलायची, त्याचा जास्त राग यायचा.

तिचं सगळंच सुखाचं होतं असं नाही. नवरा ट्रकवर होता. वायव्येकडे लांबच्या फेऱ्या करायचा, नववर्षाला यायचा. मग एका नववर्षाला आला नाही, आणि कळलं की तिकडं त्यानं घर केलंय. मूल नव्हतं. ही बातमी आली त्या दिवशी हुइशिननं दुपारपर्यंत काम केलं, मग तिखटजाळ सॉस घालून मोठा वाडगाभर मऊ सोयापनीर खाल्लं, घाम पुसला आणि म्हणाली, "धाकटे, पुरुषाला एका श्वासात काही करता येत नाही, मध्येच तुटतो." मी हसले नाही. मला तिची कीव यायला हवी होती. पण त्याच वेळी दारात एक बाई रडतं मूल घेऊन उभी होती, आणि ते हुइशिनला पाहताच रडायचं थांबलं.

वाटी भरताना तिला कुणीतरी उदबत्ती धरून बाजूला उभं लागायचं. ती मी. मी तिच्या कोपरापासून हातभर अंतरावर उभी राहायची; पहिल्या दहा-अकरा वर्षांत सगळं टिपलं. रेघा मोजल्या. कुठली आधी, कुठली मागून, कुठं बोट उचलायचं, कुठं ओढून न्यायचं. ओठांवरून शब्द लावले. घरी जेवणाच्या टेबलावर चहाच्या थेंबांनी काढून बघितलं आणि लगेच पुसलं. आमच्यात याला चोरी म्हणतात. घर फोडणाऱ्याला तुरुंगातून सुटल्यावर लोक पुन्हा जेवायला बोलावतात. विद्या चोरणाऱ्याचं नाव देवापुढं कुणी घेत नाही.

मागता आली असती. गुरुजी गेल्यावर देणारी तीच उरली होती. पण मागायची तर तिच्या उंबऱ्यावर तीनदा डोकं टेकायचं, आणि मग ती ताई राहत नाही, गुरू होते. सहा वर्षांनी लहान बाईला ताई म्हणणं मी निभावलं होतं. गुरू म्हणणं माझ्यानं झालं नसतं.

एकदा हुइशिन वडिलांच्या आजारपणात गावी गेली होती. एक म्हातारा सहा वर्षांच्या नातीला पाठुंगळी घेऊन आला. पोर कमळाच्या तळ्यात पडली होती. पाचवा दिवस, झोप नाही, अन्न नाही, नुसती दचकायची. मी मनगटापाशी सुई लावली. बोटांच्या पेरांना टोचलं. काही नाही. ती छताच्या कोपऱ्यात बघत राहिली. म्हातारा म्हणाला, "वाटीवाली कधी येणार?"

मी त्याला बाहेर बसवलं. दार लावलं. रांजणात हुइशिननं आणलेलं पाणी होतं.

तीन बोटांवर वाटी अशी बसली की जणू तिथलीच. उजवा हात वर केला आणि अडले. आधी नाव घ्यायचं होतं. कुणाचं? न्ये गुरुजींनी मला दिली नव्हती. मेलेल्या माणसाच्या नावानं खोटं बोलायची माझी छाती होईना, तेही औषधराजाच्या तसबिरीसमोर. वेळ चालला होता, पोर दचकत होती. मी जिच्याकडे बघून शिकले तिचंच नाव घेतलं. ल्याओ हुइशिन. मग श्वास घेतला आणि तेवीस रेघा काढल्या. श्वास पुरून उरला.

पोरीनं तीन घोट घेतले. म्हाताऱ्यानं तिचा सदरा धरून दारातून हाक मारली. दुसऱ्या हाकेला ती झोपली.

मी दोन दिवस जेवले नाही. आनंद झाला होता की भीती वाटत होती, मला आजही सांगता येणार नाही. म्हाताऱ्यानं बदकाची खारवलेली अंडी बरणीभर आणून दिली. मी एकाला हात लावला नाही. हुइशिन परत आली आणि बसल्या बैठकीला तीन खाल्ली.

"कुणी दिली?"

"एक पेशंट होता. सुईचा."

"छान खारवलीत," ती म्हणाली. "बरणी मी देऊन येईन."

त्यानंतर वाटीला मी कधी शिवले नाही. देवापुढं रोज क्षमा मागायची. आणि रोज, क्षमा मागून डोकं वर उचलताना वाटायचं, माझा श्वास तिच्याहून लांब आहे.

ती पोर यूनिंग. शहरात औषधं देण्याचं शिकून तीन वर्षांपूर्वी परत आली आणि आमच्याकडे राहिली. सुई माझ्याकडून घेतली. हात देखणा आहे तिचा. आता वाटी हुइशिनकडून घेणार. तिच्याजवळ दोन्ही असणार. तिशीतल्या मुलीचाही मला हेवा वाटायला लागला होता, आणि तिला तर मीच काकडीवर सुई धरायला शिकवलं होतं.

*

तर आम्ही तिसऱ्या विसाव्यावरून खाली निघालो. बांबूच्या बनापाशी न्हावी भेटला, पाठीवर कोंबांची टोपली घेऊन वर चढत होता. बाजूला होऊन वाट दिली आणि मला म्हणाला, "सांग तिला, आज काय हवं ते ऐकवून घेतो. तिनं माझ्या सासूला गेल्या महिन्यात घुबड म्हटलं."

"म्हटलं खरं."

"सासू घुबडच आहे. पण म्हणायचा हक्क माझा." मग हुइशिनकडे नीट बघून त्याचा आवाज उतरला. "हिला धाप फार लागलीय गं."

मला ऐकू येत होतं. पुढं चालणाऱ्याला मागचं जास्त ऐकू येतं. शिट्टीसारखा बारीक आवाज, प्रत्येक पायरीला. थंडीपासून ती रात्रंदिवस खोकत होती. वाटी भरताना दार लावून घ्यायला लागली होती. उदबत्ती धरायला मला बोलवायची नाही, म्हणायची, "तू तुझं बघ, लोक खोळंबलेत." मी ताडलं होतं काय चाललंय. सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं होतं.

दगडी पुलापाशी ती थांबली. तिथून दवाखाना अर्ध्या तासावर. मी मागं वळले, सोबतिणीला चालतं. तिचे ओठ निळसर झाले होते. मडकं कललं होतं आणि कमळाच्या पानाखालून पाण्याची एक रेघ तिच्या बाहीवर उतरत होती.

"ताई, उभी राहा हवं तर. पण टेकवू नकोस," मी म्हटलं. आणि त्याच वेळी मनात आलं, सांडलं तर आजचा दिवस जाईल. यूनिंगला मिळणार नाही. कुणालाच मिळणार नाही.

हुइशिननं मडकं पुलाच्या कठड्यावर टेकवलं.

"धाकटे," ती म्हणाली, "पाय मोडले माझे."

मी म्हटलं, "बोललीस तू."

"हो. ऐकू आलं मलाही." ती कठड्याच्या दगडावर बसली, पानाची गाठ सोडली, एक घोट घेतला आणि मडकं माझ्यापुढं केलं. "पी. गार आहे. आता ते नुसतं पाणी आहे."

मी घेतलं नाही. तिनं उरलेलं पाणी पुलाच्या टोकाच्या कापराच्या झाडाला ओतलं, सावकाश, सगळं मुळाशी जाईल असं.

"यूनिंग वाट बघत असेल," मी म्हटलं.

"बघू दे. परवा बाराव्या रेघेला श्वास तुटला. काल दहाव्या. डॉक्टर म्हणतो, पेशंटना देतेस त्या जळत्या पाल्याच्या शेकाचा धूर बसलाय छातीत. मी म्हटलं, त्या धुरावर चाळीस वर्षं जेवलेय, तो बसायचाच." ती खोकली, तोंड पुसलं. "पोरीला तुटकी विद्या देऊ का मी?"

"मग काय करणार?"

"तुला येते."

मी म्हटलं, "मला कुठली येते? मला कुणी दिली नाही."

"बरणी द्यायला गेले होते मी त्या म्हाताऱ्याकडे. यूनिंग ओट्यावर खेळत होती. सहा वर्षांची होती, बहिरी नव्हती. म्हणाली, सुईवाल्या काकूनं पाण्याला तुमचं नाव सांगितलं. तुझे शब्द ओठांत राहिले नाहीत, धाकटे. सगळं जमलं, तेवढं जमलं नाही."

पुलाखाली कुणीतरी कपडे आपटत होतं.

"पंचवीस वर्षं तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"होतं."

"बोलली नाहीस."

"जन्मात एवढीच एक गोष्ट मी पोटात ठेवली. माझं मलाच कौतुक आहे."

"राग नाही आला?"

"आला की. घरी जाऊन रांजण फोडला, आठवतं? तुला म्हटलं होतं मांजरानं पाडला." तिनं टोपलीतलं एक आलूबुखार घेतलं, बाहीला पुसलं, पण खाल्लं नाही. "गुरुजींनी माझा हात धरून सत्तर वेळा काढून घेतली होती ती खूण. सत्तर. तरी मी चुकायचे. आणि तू लांबून बघून एका वेळेत काढलीस. पोर झोपली. सुई तुझी, पाटी तुझी, कागद तुझा. लोक म्हणायचे पेईरोंगचा दवाखाना. माझ्याकडं एक वाटी होती, तीही तुला न देता जमली. मी तुझ्यावर इतकी जळले, धाकटे, की तू उदबत्ती धरून उभी राहिलीस की मला रेघा दिसायच्या नाहीत."

"मग तेव्हाच द्यायची होतीस. गुरुजी तर गेलेच होते."

"द्यायची नव्हती," हुइशिन म्हणाली. "तेवढंच होतं माझ्याजवळ."

मी तिच्या जागी असते तर मीही दिली नसती.

तिनं आलूबुखार माझ्या टोपलीत परत टाकलं. मग उठली, रिकामं मडकं माझ्या हातात दिलं. इतक्या वर्षांत ते माझ्या हातात पहिल्यांदा आलं. हलकं होतं, आतून ओलं.

"आता असं करायचं," ती म्हणाली. "परत वर जायचं. पाणी तू भरायचं. तोंड मिटून उतरायचं. मी पुढं चालते, न्हाव्याला आणि त्या म्हातारीला काय उत्तर द्यायचं ते माझं मी बघते, दोघांचं मनात धरून ठेवलंय. खाली गेल्यावर यूनिंगला तू द्यायचीस. सगळी, तेवीसच्या तेवीस. पण चोरीची नको. पोरीनं नाव घेतलं तर ते खरं असलं पाहिजे. ज्यानं दिली त्याचं."

"गुरुजी नाहीत," मी म्हटलं, उगाच, ते मलाही दिसत होतं.

"गुरुजी नाहीत. मी आहे."

तिनं अंगातलं कापसाचं जाकीट काढलं आणि पुलाच्या दगडावर घडी करून ठेवलं. घडी जाड केली. हातानं चाचपली, वर बसलेलं एक पान झटकलं.

"तुझे गुडघे दुखतात, मला माहीत आहे. म्हणून हे. इथं कुणी बघायला नाही, ती खाली धुणंवाली आहे, तिला दिसत नाही नीट," हुइशिन म्हणाली. ती जाकिटापलीकडे उभी राहिली, तोंड पूर्वेला करून, आणि प्रथमच तिच्या तोंडावर हसू नव्हतं. "पेईरोंग, माझ्यापुढं तीनदा डोकं टेकशील का?"